तान्ह्या बाळाची वाढती गाठ : ‘रक्ताची गाठ आहे, जिरेल’ म्हणून थांबू नका (आमचा अनुभव)

पळसफूल

परवा शाळा सुटता सुटता शेजारच्या गावातला एक दादा भेटायला आला. त्याच्या बहिणीला मुलगा झालाय, तीन आठवड्यांचा. डाव्या दंडावर गाठ आहे आणि ती वाढतेय. ‘मॅडम, तुमच्या पोरीले बी होती ना?’ एवढंच विचारून तो उभा राहिला. त्याला सांगितलं ते सगळं इथेही लिहून ठेवते, कारण तीन वर्षांपूर्वी मला मराठीत एक ओळ वाचायला मिळाली नव्हती. मी डॉक्टर नाही, दारव्ह्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते.

माझ्या मुलीच्या उजव्या पोटरीवर जन्मतःच बोराएवढी गाठ होती. नर्सताईंनी दाखवली, डॉक्टरांनी बोट लावून पाहिलं आणि ‘रक्ताची गाठ आहे (म्हणजे रक्तवाहिन्यांची), वर्षभरात आपोआप जिरेल’ म्हणाले. आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी आईने दृष्ट लागू नये म्हणून गाठीच्या वर, गुडघ्याखाली काळा दोरा बांधला, सैल, करंगळी सहज जाईल इतका. बारशाला आलेल्या बायकांनी गाठ पाहिली आणि एकेकीने कारणं काढली. ग्रहणात भाजी चिरली असेल. पोटुशी असताना कुणाचा तळतळाट लागला असेल. मी बाळंतिणीच्या खोलीत, आणि हे सगळं दाराबाहेर, मला ऐकू येईल अशा आवाजात.

एकोणिसाव्या दिवशी आंघोळ घालताना आई थांबली. दोरा कातडीत रुतला होता, वर-खाली लाल वळ. तिने विळीने हळूच कापला. तो कापलेला दोरा मी शाळेच्या पट्टीवर ठेवून मोजला : १२ सेंटिमीटर. मग नवा दोरा पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती नुसता फिरवून मोजला : साडेतेरा. सव्विसाव्या दिवशी त्याच जागी १५. तोवर आम्ही सगळे ‘थोडी मोठी वाटते का गं?’ ‘नाही, तुला वाटतंय’ असं करत होतो. दोऱ्याने तो वाद मिटवला.

कातडी ताणून चकचकीत झाली होती, जांभळट, आणि तिच्याखाली निळ्या शिरांचं जाळं. पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉपलर सोनोग्राफी झाली, गाठीत रक्तप्रवाह भरपूर दिसला, म्हणजे रक्ताचीच गाठ, असं ठरलं आणि ती जिरवायचे ड्रॉप्स सुरू झाले. चौतिसाव्या दिवशी पहाटे गाठीवरची कातडी फुटली आणि रक्त थांबेना. जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा दाबून धरत १०८ मधून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. हिमोग्लोबिन खूप उतरलं होतं, रक्त द्यावं लागलं. तिथे एका खाजगी डॉक्टरांनी पाहिलं आणि नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, कॅन्सर दिसतोय, पाय गुडघ्यावरून काढावा लागेल, लवकर ठरवा.

नवऱ्याने सही केली नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात, पेन धरलेला हातच चालेना. त्या दोन दिवसांत आम्ही नागपूरला लहान मुलांच्या सर्जनकडे पोहोचलो. ते म्हणाले, ‘ही गाठ कसली आहे ते कागदावर आल्याशिवाय या पायाला कुणी हात लावायचा नाही.’ हा धागा, म्हणजे ही चर्चा, सुरू केलाय तो या एका वाक्यासाठी.

एमआरआय झालं, मग जाड सुईने गाठीचा तुकडा काढला. अहवालात आधी नुसतं ‘स्पिंडल सेल ट्यूमर’ आलं, म्हणजे चरख्याच्या चातीसारख्या लांबट पेशींची गाठ. पुढच्या तपासणीसाठी नमुना मुंबईला गेला आणि नाव आलं : इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा.

शब्द ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले. पण डॉक्टरांनी समजावलं ते असं. एक वर्षाच्या आतल्या बाळांना स्नायू, चरबी, तंतू अशा मऊ भागांचे जे कर्करोग होतात, त्यांत हा सगळ्यात जास्त आढळणारा, तरीही दुर्मीळच. दिसायला भयंकर, वाढायला वेगवान, पण शरीरात इतरत्र पसरण्याची प्रवृत्ती कमी. नीट उपचार मिळाले तर दहापैकी साधारण नऊ बाळं वाचतात. मोठ्या माणसाच्या फायब्रोसार्कोमाशी त्याचं नाव जुळतं, स्वभाव जुळत नाही. आणि औषधाने तो लहान होतो, म्हणून आधी औषध, मग उरलेल्याची शस्त्रक्रिया. पाय काढणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध आधी एकटंच दिलं. सोबत अ‍ॅक्टिनोमायसिन नंतर, ती थोडी मोठी झाल्यावर, कारण फार कोवळ्या बाळाच्या लिव्हरला ते सोसत नाही. डोस वजनावर, थेंबाथेंबाने. व्हिनक्रिस्टिन शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते, म्हणून दंडातून मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी टाकली होती. बद्धकोष्ठ झालं. एका आठवड्यात दूध ओढणं सोडलं. मी समजले, आजार वाढला. नर्सताई म्हणाल्या, जबडा दुखतोय तिचा, औषधाने होतं, वाटी-चमच्याने पाज. चार दिवसांनी पुन्हा अंगावर पिऊ लागली.

आठव्या महिन्यात उरलेली गाठ काढली. आता ती तीन वर्षांची आहे. उजवी पोटरी बारीक आहे, लांबट व्रण आहे, पळताना जरा फेकून टाकते पाय. पळते.

---

आशाताई_धारणी

ताई, तुमचा दोरा वाचून माझ्या अंगावर काटा आला.

मी मेळघाटात आशा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आमच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. तुमच्या बाळाचा एकोणिसावा दिवस आणि आमचा एकविसावा, बघा किती जवळ आहे. या घरभेटींचं काम आपल्याच गडचिरोलीत उभं राहिलं, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मग देशभर गेलं. प्रशिक्षणात हे सांगतात तेव्हा आम्हाला फार बरं वाटतं.

पण थंडीत बाळ गुंडाळलेलं असतं. झोळीच्या काट्यावर वजन घ्यायचं, ताप बघायचा, दूध ओढतंय का विचारायचं, आणि निघायचं असं होतं कधी कधी. मी आता प्रत्येक भेटीत बाळ पूर्ण उघडं करून बघते. पाठ, कंबरेखालची जागा, काखा, मांड्यांचे सांधे, टाळू. माकडहाडापाशी गाठ असलेलं एक बाळ मला असंच सापडलं होतं. ती टेराटोमा नावाची जन्मजात गाठ निघाली, वेळेत काढली, बाळ छान आहे. ती गाठ बहुतेक वेळा साधी असते, पण महिने घालवले तर बिघडण्याचा धोका वाढतो, असं सर्जन म्हणाले होते.

आमच्याकडे दुसरं संकट आहे. पोट फुगलं, गाठ दिसली की भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे नेतात आणि तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. मी आईला रागावत नाही, रागावलं की पुढच्या वेळी दारच उघडत नाहीत. मी सांगते, आधी माझ्याबरोबर चल, मग काय ते कर. बहुतेक जणी येतात.

---

मेणाचा_ठोकळा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, २२ वर्षं झाली. बायोप्सीच्या नमुन्याबद्दल लिहितो, कारण तिथे होणारी चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्येच पाहिजे, आणि तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन. आमच्याकडे नमुने सलाइनच्या बाटलीत आले आहेत, स्पिरिटमध्ये आले आहेत, एकदा तर नुसत्या ओल्या गॉजमध्ये, तेही मे महिन्यात, एसटीतून. पेशी सडल्यावर आम्ही काय बघणार? डबीवर बाळाचं नाव, तारीख आणि कुठल्या अवयवाचा तुकडा हे लिहिलंय ना, ते स्वतः वाचून घ्या.

फॉर्मालिनमधून निघालेला तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर लावले की स्लाइड. पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात. दुसऱ्या दवाखान्यात मत घ्यायला जाल तेव्हा नुसता अहवाल नेऊ नका, ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. अर्ज करून मिळतात.

नाव कसं निघतं तेही सांगतो. या गाठीत बहुतेक वेळा १२ आणि १५ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल होतात आणि ईटीव्ही६ व एनटीआरके३ हे दोन जीन जोडले जातात. १९९८ मध्ये हे सापडलं. दोन वेगळ्या विजेच्या तारा चुकून जोडल्या जाव्यात आणि पंप बंदच होऊ नये, तसं पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप सतत मिळत राहतो. ही जोडणी फिश नावाच्या तपासणीत दिसते. मूत्रपिंडात होणाऱ्या एका तान्हेपणीच्या गाठीतही हीच जोडणी सापडते.

आणि म्हणूनच नवं औषध निघालं. लॅरोट्रेक्टिनिब. तो चुकीचा निरोपच अडवतं. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला मोठा अभ्यास छापून आला, ५५ रुग्ण, चार महिन्यांच्या बाळापासून ७६ वर्षांच्या माणसापर्यंत, आणि चारपैकी तिघांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पातळ स्वरूपातही आहे, म्हणजे तान्ह्याला तोंडाने देता येतं. किंमत सामान्य घराला न झेपणारी आहे. पण नेहमीच्या औषधाने गाठ हलली नाही, किंवा हातपाय वाचत नसेल, तर ‘एनटीआरके तपासलं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

---

सोयाबीन_तूर

मॅडम, मीच आलो होतो शाळेत. माह्या भाच्याची गाठ मंगळवारी दोऱ्यानं मोजली, १२ भरली. आज शुक्रवार, साडेबारा हाये. बहीण रोज रडते. तिची सासू म्हणते, सातव्या महिन्यात वावरात गेली, कपाशीवर फवारा सुरू होता, त्याच्यानंच झालं. कोनी म्हणते गाईच्या तुपात हळद लावा, गाठ बसते. मले खरं काय ते सांगा. बहिणीची काही चूक हाये का?

---

पळसफूल

दादा, तिची काहीही चूक नाही. हे तिला तुम्ही आज, तिच्या सासूसमोर, मोठ्याने सांगा.

मी हाच प्रश्न तीन डॉक्टरांना विचारला होता, तिघांचं उत्तर एकच. गुणसूत्रांची ती अदलाबदल बाळाच्या एखाद्या पेशीत गर्भातच, योगायोगाने होते. ती आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही. ग्रहण, भाजी, तळतळाट, यांचा तर प्रश्नच नाही. फवारणीमुळे ही गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. गरोदर बाईने फवाऱ्याजवळ जाऊच नये, विष ते विषच, पण तुमच्या भाच्याची गाठ तिच्या माथी मारू नका.

तूप-हळद नको. कातडी आधीच ताणलेली असते, चोळली तर फुटेल. शेकू नका, दाबू नका, कुणालाही सुई खुपसून ‘पाणी काढू’ देऊ नका.

आणि घाबरूनही जाऊ नका. तीन दिवसांत अर्धा सेंटिमीटर म्हणजे दाखवलंच पाहिजे, पण ती कर्करोगाचीच आहे असा त्याचा अर्थ नाही.

---

डॉ_निनाद_वर्धा

बालरोगतज्ज्ञ आहे. पळसफूल यांनी बरंचसं अचूक लिहिलंय, थोडी भर घालतो.

नेहमीची रक्ताची गाठ, हेमॅन्जिओमा, जन्मतः बहुधा नसते किंवा नुसता फिकट डाग असतो. पहिल्या काही आठवड्यांत उगवते, काही महिने वाढते, मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरते. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांना प्रोप्रॅनोलॉलचा तिच्यावरचा परिणाम लक्षात आला आणि तेव्हापासून ते औषध चांगलं काम करतंय. म्हणजे ‘जिरेल’ असं म्हणणारा डॉक्टर बहुतेक बाळांच्या बाबतीत बरोबरच असतो. चूक होते ती पुढे, गाठ त्या वाटेने जात नाही हे दिसूनही मत न बदलण्यात.

मला खटकतात त्या गोष्टी : जन्मतःच भरीव, घट्ट गाठ; आठवड्याला नजरेत भरणारी वाढ; चकचकीत कातडी, व्रण, रक्त; आणि औषध सुरू करूनही न थांबणारी वाढ. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून गाठ रक्तवाहिन्यांचीच असं होत नाही, फायब्रोसार्कोमातही भरपूर रक्तवाहिन्या असतात. गाठीबरोबर अंगावर लाल ठिपके, निळे डाग आले तर त्याच दिवशी प्लेटलेट तपासा. कापोसिफॉर्म नावाच्या वेगळ्या गाठीत प्लेटलेट झपाट्याने खाली येतात. अशा बाळाला कुणी घाईने सुई घातली तर रक्तस्राव आवरत नाही.

सोयाबीन_तूर, थांबू नका. नागपूरला मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिहानला एम्स आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. इकडे वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगी मेघेची रुग्णालयं. पण आधी लहान मुलांच्या सर्जनलाच दाखवा, थेट मोठ्यांच्या सर्जनकडे नको. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांची चिठ्ठी मिळाली तर जिल्हा रुग्णालयात सोपं जाईल. चिठ्ठीसाठी आठवडा मात्र घालवू नका.

---

एक_बाप

हा धागा दोनदा बंद करून पुन्हा उघडला.

आमच्या मुलाची गाठ मानेजवळ होती. तोही महिन्याचाच होता. अहवालात मॅलिग्नंट रॅब्डॉइड नावाचा वेगळाच कर्करोग आला. आम्ही उशीर केला नव्हता, आठव्या दिवशी दाखवलं होतं. सगळं केलं. तो १०५ दिवस होता.

कृपा करून ‘दहापैकी नऊ’ हा आकडा प्रत्येक आईबापाला सांगू नका. नाव आल्यावर सांगा. मला कुणीतरी आधीच सांगितला होता, आणि मी तो धरून बसलो होतो.

एक उपयोगी गोष्ट. या गाठीत स्मार्कबी१ नावाचा जीन बिघडलेला असतो आणि काही कुटुंबांत तो बिघाड बाळाच्या सगळ्या शरीरात असतो, आईबापाकडूनही आलेला असू शकतो. आमची रक्ततपासणी करून घेतली. आमच्यात नाही. पुढच्या बाळाआधी हे कळणं गरजेचं होतं. मुलगी झाली आम्हाला, मागच्या पोळ्याला वर्षाची झाली.

---

पळसफूल

दादा, तुमचं बरोबर आहे. मी तो आकडा लिहिताना माझ्या मुलीकडे बघून लिहिला. वर ‘दहापैकी नऊ’ आहे ते फक्त त्या एका नावाच्या गाठीसाठी, हे सगळ्यांनी लक्षात घ्या. बाळांमध्ये रॅब्डोमायोसार्कोमा हा स्नायूंचा कर्करोगही होतो, तुम्ही सांगितलेला रॅब्डॉइडही, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

१०५ दिवस तुम्ही त्याला सांभाळलंत. लिहिलंत, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

---

दादर_ते_बडनेरा

मुंबईला जायची वेळ आली तर, माझ्या पुतण्याच्या वेळच्या धावपळीतून :

दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या लोकांना तिथे कमी पैशांत राहता येतं. दवाखान्याचा कागद लागतो. गाडगेबाबा म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस. पहिल्या रात्री तिथे पाठ टेकली तेव्हा घराजवळ आल्यासारखं वाटलं. सेवाग्राम एक्सप्रेस दादरला थांबते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रेल्वेचा छापील फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह भरून घ्यावा लागतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतं, तिथेच लोक अडकतात. जन्मदाखला, आईबापांचं रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. बिल झाल्यावर नव्हे. टाटामध्ये मुलांच्या विभागाला वेगळे समाजसेवक आहेत, त्यांच्यापाशी काही लपवू नका, किती एकर कोरडवाहू, किती कर्ज, सगळं सांगा.

आणि केमो सुरू झाल्यावर लसीचं कार्ड बरोबर ठेवा. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस अशा जिवंत लसी त्या काळात देत नाहीत. गावातल्या सिस्टरला हे आधीच सांगा, नाहीतर ती बिचारी मनापासून थेंब पाजायला घरी येते. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी निघायचं. उन्हाने अंग गरम झालंय असं म्हणत बसायचं नाही.

---

सोयाबीन_तूर

सगळ्यायचे पाय धरतो. आशाताईनं फोन करून नागपूरच्या सर्जनची ओपीडी कोनत्या दिवशी असते ते इचारून देल्लं. सोमवारी पहाटे ५ च्या एसटीनं निघतो. बहीण, मी अन् तिची सासूबी येते म्हणते. वरचं सारं सासूले वाचून दाखवलं. ते काही बोलली नाही, फक्त बाळाले मांडीवर घेतलं.

दोरे सारे घेतले, कागदात गुंडाळून त्याच्यावर तारखा टाकल्या. आनखी काय घेऊ?

---

पळसफूल

जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद, सोनोग्राफीची फिल्म, मोबाइलमधले गाठीचे तारखेसह फोटो. दोन जास्तीची दुपटी, जुन्या मऊ सुती साडीचा धुतलेला तुकडा, गाठीतून रक्त आलं तर दाबायला. दंडाला घट्ट बाही नको, मोठ्या गळ्याचं झबलं घाला. बाळाचा तो हात धरून उचलू नका.

एमआरआयसाठी झोपेचं औषध देतात, त्याआधी साधारण चार तास अंगावरचं दूध बंद ठेवायला सांगतात. नेमकी वेळ तिथल्या सिस्टरला विचारा. बाळ रडेल. तेव्हा त्याला बहिणीकडे नको, सासूबाईंकडे द्या. आईच्या अंगाचा वास आला की ते दूध शोधतं. बसमध्ये मात्र मनसोक्त पिऊ द्या.

सोमवारी माझा फोन सुरू आहे, वर्गातही.